प्रेरित बहुक्षम मूलपेशी
प्रेरित बहुक्षम मूलपेशी (आयपीएस पेशी) म्हणजे त्वचेतील पेशीसारख्या पक्व पेशीला प्रयोगशाळेत पुन्हा भ्रूणातील मूलपेशीसारख्या अवस्थेत नेऊन मिळवलेली पेशी होय. तिच्यापासून शरीरातील जवळजवळ कोणतीही पेशी घडवता येते. क्योतो विद्यापीठातील शिन्या यामानाका व काझुतोशी ताकाहाशी यांनी २००६ मध्ये उंदराच्या पेशींत अवघी चार जनुके घालून हे साधले. पुढच्याच वर्षी मानवी पेशींतही ते शक्य झाले. भ्रूण नष्ट करण्याचा नैतिक पेच त्यामुळे टळला. मात्र त्या चारांपैकी सी-मिक हे जनुक कर्करोगाशी निगडित आहे, आणि खरी अडचण येथेच आहे. २०१४ मध्ये जपानमध्ये दृष्टिपटलाच्या ऱ्हासाने पीडित स्त्रीच्या डोळ्यात तिच्याच त्वचेपासून घडवलेल्या पेशींचा थर बसवण्यात आला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल आढळल्याने ते रोपण मात्र थांबवावे लागले.