परिचारिकांचे कार्यसौख्य आणि रुग्णसंख्या

परिचारिकेचे कार्यसौख्य म्हणजे केवळ विसाव्याची खोली आणि पुरेसे वेतन नव्हे. ही साधने आवश्यक खरी. परंतु एकीच्या वाट्यास येणारे रुग्ण आवाक्याबाहेर गेले, की विसाव्यास सवडच उरत नाही.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांची पाहणी लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केली. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की ती कामाने खचून जाण्याच्या शक्यतेचे प्रमाण २३ टक्क्यांनी व असमाधानाचे १५ टक्क्यांनी वाढलेले आढळले. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत ३० दिवसांच्या आत मृत्यू येण्याचे प्रमाणही ७ टक्क्यांनी अधिक होते. अशा पाहणीतून परस्परसंबंध दिसतो. कार्यकारणभाव निर्विवादपणे सिद्ध होत नाही, हे ध्यानात ठेवावयास हवे.

कॅलिफोर्निया राज्याने १९९९ च्या कायद्यान्वये २००४ पासून परिचारिकेमागील रुग्णसंख्येस कक्षनिहाय मर्यादा घातली. पुढे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत तेथील परिचारिकांमध्ये खचलेपण व असमाधान पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी या राज्यांहून कमी दिसले.

तात्पर्य, कार्यसौख्य हा परिचारिकेवरील अनुग्रह नसून रुग्णाच्या सुरक्षिततेचाच एक भाग होय.