मित्रासोबत पॉडकास्ट सुरू करायचाय? माइक घेण्याआधी या गोष्टी ठरवा

चहाच्या टपरीवर दोघांच्या गप्पा रंगतात आणि एकजण म्हणतो, "हे रेकॉर्ड करायला हवं होतं यार!" दोघांच्या हौशी पॉडकास्टची कल्पना अनेकदा इथूनच निघते. पुढच्या आठवड्यात माइकच्या किमती पाहिल्या जातात, नाव ठरतं, लोगोही तयार होतो. एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. चार महिन्यांनी दोघांपैकी एकाला कंटाळा आला तर?

पॉडकास्ट आज मोबाइलवर रेकॉर्ड करून फुकटात प्रसिद्ध करता येतो. त्यामुळे तो बंद पडला तर पैशांचं नुकसान फारसं होत नाही. धोका असतो तो मैत्रीला. म्हणूनच काही कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टी पहिल्या भागाआधी बोलून घेतलेल्या बऱ्या.

दोघांच्या गप्पा तिसऱ्याने का ऐकायच्या?

मराठी श्रोत्यांना रंगलेल्या गप्पा ऐकण्याची सवय जुनी आहे. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरचं 'पुन्हा प्रपंच' आठवा. बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भाऊजी यांच्यातला संवाद लोक घरच्यासारखा ऐकायचे. कोण बोलतंय हे आवाजावरून लगेच कळायचं आणि प्रत्येकाचा स्वभावही वेगळा होता.

दोघांच्या पॉडकास्टलाही हेच लागू होतं. दोघं एकाच गोष्टीला "हो ना, अगदी" म्हणत राहिले, तर श्रोता पाच मिनिटांत निघून जातो. एकाला विषय माहीत असावा, दुसऱ्याने श्रोत्याच्या मनातले प्रश्न विचारावेत. किंवा दोघांची मतं खरोखर वेगळी असावीत.

मुंबईतले लेखक अमित वर्मा यांनी 2017 मध्ये 'द सीन अँड द अनसीन' हा पॉडकास्ट सुरू केला. सुरुवातीचे भाग छोटे होते, पुढे ते कित्येक तासांचे झाले. त्यात पाहुणे म्हणून येणारे अर्थतज्ज्ञ अजय शाह हे त्यांचे मित्र. या दोघांनी 2023 मध्ये 'एव्हरीथिंग इज एव्हरीथिंग' हा वेगळा कार्यक्रम सुरू केला. त्यात गप्पा मोकळ्या असल्या, तरी प्रत्येक भागाची प्रकरणं पाडलेली असतात. मराठीत ओंकार जाधव आणि शार्दुल कदम यांचा 'अमुक तमुक' हाही दोघांच्या गप्पांतून उभा राहिलेला कार्यक्रम आहे.

एक मुलुंडला, दुसरा बोरिवलीला, भेटायचं कुठे?

उपनगरांत हा प्रश्न माइकपेक्षा मोठा असतो. मुलुंड मध्य रेल्वेवर, बोरिवली पश्चिम रेल्वेवर. लोकलने जायचं तर दादरला गाडी बदलायची. दुसरा मार्ग म्हणजे मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी आणि पुन्हा लोकलने बोरिवली. 8 जून 2014 रोजी सुरू झालेल्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोमुळे पूर्व आणि पश्चिम उपनगरं जोडली गेली खरी, पण ऑफिस करून आठवड्यातून एकदा हा प्रवास करणं दमवणारंच आहे.

त्यावर दोन उपाय आहेत. पहिला, महिन्यातून एका रविवारी भेटून दोन-तीन भाग एकदम रेकॉर्ड करायचे. दुसरा, आपापल्या घरून रेकॉर्ड करायचं. दोघांनी हेडफोन लावून लॅपटॉपवर कॉल करायचा आणि त्याच वेळी स्वतःचा आवाज स्वतःच्या मोबाइलवर रेकॉर्ड करायचा. सुरुवातीला "एक, दोन, तीन" म्हणून दोघांनी टाळी वाजवायची. नंतर दोन्ही फायलींमधल्या टाळ्या जुळवल्या की संवाद जुळतो. नेट अडखळलं तरी रेकॉर्डिंग बिघडत नाही.

घरात आवाज चांगला कसा येईल?

महागडा माइक घेण्याआधी खोली बघा. रिकाम्या भिंती आणि फरशीवरून आवाज परत येतो आणि रेकॉर्डिंग घुमतं. गादी, गोधड्या, जाड पडदे, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट या वस्तू आवाज शोषून घेतात. म्हणून हॉलपेक्षा बेडरूम बरी. पंखा बंद, खिडक्या बंद आणि माइक तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर. दोघं एकाच खोलीत असतील तर प्रत्येकाला वेगळा माइक हवा. एकच माइक मध्ये ठेवला, तर दोघांपेक्षा खोलीचाच आवाज जास्त येतो.

कुकरची शिट्टी, भोंगा, शेजाऱ्यांचं ड्रिलिंग हे टाळायचं तर वेळ निवडावी लागते. ती वेळ घरच्यांनाही सांगून ठेवावी लागते.

काम कसं वाटायचं?

पहिली कुरबूर इथे होते. बोलायला दोघं असतात, पण एडिटिंग एकाच्याच गळ्यात पडतं. तासाभराचं रेकॉर्डिंग नीट करायचं तर आधी तो तास पूर्ण ऐकावा लागतो, मग कापाकापी, मग पुन्हा ऐकणं. दुसऱ्याला हे काम दिसतच नाही. "एवढा वेळ का लागला?" असं तो सहज विचारतो आणि ते लागतं.

यावर सोपा तोडगा म्हणजे पाळी. एक भाग एकाने एडिट करायचा, पुढचा दुसऱ्याने. एकालाच ते जमत असेल, तर विषयाची तयारी, पाहुण्यांशी बोलणं आणि पोस्ट टाकणं दुसऱ्याकडे.

पॉडकास्ट नेमका कुणाचा?

ऑडिओ पॉडकास्ट एखाद्या होस्टिंग सेवेवर चढवला जातो. तिथे त्याची 'फीड' तयार होते आणि स्पॉटिफाय, अ‍ॅपलसारखी अ‍ॅप्स त्या फीडमधून भाग उचलतात. म्हणजे ज्याच्या ईमेलवर खातं, त्याच्या हातात सगळं. त्यामुळे पॉडकास्टसाठी नवा ईमेल काढावा आणि पासवर्ड दोघांकडे असावा. यूट्यूब चॅनलवर दोघांनाही अधिकार देता येतात.

कायद्याची बाजूही आहे. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि निर्माता म्हणजे ते तयार करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. दोघांपैकी तो कोण, हे वाद झाल्यावर ठरवणं अवघड. 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार नफा वाटून घेण्याच्या करारावर एकत्र व्यवसाय केला, तर तोंडी बोलण्यावरही भागीदारी होऊ शकते. म्हणून एका पानावर लिहून ठेवा: नाव कुणाचं, जुने भाग कुणाचे, एकजण बाहेर पडला तर दुसरा चालू ठेवू शकतो का.

आणखी एक गोष्ट त्याच पानावर असावी. कोणते किस्से सांगायचे नाहीत? मित्राचं ऑफिस, घरातली भांडणं, जुनं प्रेमप्रकरण टपरीवर चालतं. इंटरनेटवर ते कायम राहतं. "हे काढून टाक" असं एकाने म्हटलं, तर दुसऱ्याने कारण न विचारता काढावं, हा नियम चांगला.

सुरुवातीला आवडतं गाणं वापरता येतं का?

परवानगीशिवाय नाही. "दहा सेकंद चालतात" हा गैरसमज आहे. कायद्यात सेकंदांची अशी सूट नाही. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतो, आणि गीत व चाल यांचे हक्क त्याहून वेगळे. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं मोफत संगीत वापरावं किंवा तबला-पेटी वाजवणाऱ्या ओळखीतल्या कुणाकडून चार ओळींची धून करून घ्यावी.

पैसे मिळतील का?

लगेच नाही. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी नेहमीच्या व्हिडिओंच्या बाबतीत 1,000 सबस्क्रायबर आणि 12 महिन्यांत 4,000 तास पाहिलं जाणं ही अट आहे. तिथवर सगळा खर्च स्वतःचा, तोही अर्धा-अर्धा.

मग सुरुवात कशी करायची?

"दर शुक्रवारी नवा भाग" असं जाहीर करण्याऐवजी सहा भागांचं पर्व ठरवावं. पहिले तीन भाग आधी रेकॉर्ड करून ठेवावेत आणि मगच पहिला प्रसिद्ध करावा. त्यामुळे आजारपण, परीक्षा किंवा ऑफिसचा ताण आला तरी धावपळ होत नाही. सहावा भाग झाला की दोघांनी माइक न लावता भेटायचं आणि एकमेकांना विचारायचं, पुढे करायचंय का? उत्तर 'नाही' आलं, तरी हाती सहा भागांचा एक पूर्ण कार्यक्रम राहतो आणि टपरीवरच्या गप्पाही चालू राहतात.