नागरी उष्णता-अनुकूलन

वातावरणीय बदलामुळे तीव्र होत चाललेल्या उष्णतेशी शहरातील घरे, श्रमाच्या वेळा व सार्वजनिक सेवा यांचा मेळ घालण्याच्या प्रक्रियेस नागरी उष्णता-अनुकूलन म्हणतात. काँक्रीट, डांबर व विटा दिवसा उष्णता शोषून घेतात व रात्री ती सावकाश बाहेर टाकतात. त्यामुळे दाट वस्तीचे शहर भोवतालच्या ग्रामीण प्रदेशापेक्षा, विशेषतः रात्री, अधिक उष्ण राहते. मात्र ही उष्णता सर्वांच्या वाट्यास सारखी येत नाही. पत्र्याच्या छपराखालील कुटुंबे, बांधकामावरील मजूर, फेरीवाले, वृद्ध व अर्भके यांना तिची झळ अधिक बसते.

या दृष्टीने अहमदाबादचे उदाहरण उद्‌बोधक आहे. मे २०१० मध्ये तेथील तपमान ४६.८° से. पर्यंत चढले. त्या महिन्यात २००९ व २०११ मधील मे महिन्यांच्या सरासरीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यानंतर महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती योजना अंमलात आणली. दक्षिण आशियातील ही अशा प्रकारची पहिली योजना होय. तीत हवामानाच्या अंदाजावरून नागरिकांना रंगनिहाय इशारे देणे, पिण्याच्या पाण्याची सोय करणे व वैद्यकीय कर्मचाऱ्यांना उष्माघातावरील उपचारांचे शिक्षण देणे यांचा अंतर्भाव होतो.

तथापि केवळ इशारा पुरेसा ठरत नाही. दुपारी बाहेर न पडण्याचा सल्ला पाळावा, तर रोजंदारीवरील मजुराची मजुरी बुडते. घरीच शिवणकाम करणाऱ्या स्त्रीस तर घर हेच कामाचे ठिकाण असल्याने पत्र्याची धग टाळता येत नाही. येथे रहिवाशांच्या संघटनांचे कार्य महत्त्वाचे ठरते. ‘सेवा’ या श्रमिक स्त्रियांच्या संघटनेने स्थापिलेल्या महिला हाउसिंग ट्रस्टने (१९९४) वस्त्यांतील स्त्रियांना संघटित करून छपरांना सूर्यप्रकाश परावर्तित करणारा पांढरा रंग देण्यासारख्या उपायांचा प्रसार केला. अतितापाच्या दिवसांत बुडणाऱ्या उत्पन्नाची अंशतः भरपाई देणारी विमायोजनाही ‘सेवा’ने २०२३ मध्ये सुरू केली.

अशा उपायांना निवाऱ्याच्या शाश्वतीचा आधार लागतो. वस्ती उठविली जाण्याचे भय असलेले कुटुंब घरसुधारणेवर खर्च करण्यास धजत नाही. अहमदाबादमधील ‘परिवर्तन’ योजनेत (१९९५) नळ, शौचालय व गटारे यांच्या खर्चापोटी प्रत्येक कुटुंबाने २,००० रु. दिले आणि त्यांना दहा वर्षे न हटविण्याचे आश्वासन मिळाले. ही योजना उष्णतेसाठी नव्हती. परंतु हक्क, सहभाग व सेवा यांची सांगड घातल्यासच अनुकूलन न्याय्य होते, हे तत्त्व तीवरून स्पष्ट होते.