आपल्या मापाची सायकल

सायकल शिकायची म्हणजे आधी हाफ पायडल, हा आमच्या पिढीचा शिरस्ता. सीटवर बसण्याइतकी उंची नसायची. मग दांडीखालून उजवा पाय पलीकडे घालायचा, एक हात हँडलवर, दुसऱ्या हाताने दांडी धरायची आणि सायकल एका कुशीवर कलती ठेवून अर्धे अर्धे पायडल मारत गल्ली पार करायची. गुडघे सोलवटल्याशिवाय सायकल कुणालाच आली नाही. आमच्या थोरल्या बंधूंची, दादांची, काळी २४ इंची सायकल पुण्यातल्या वाड्यातल्या दोन पिढ्यांनी अशीच वापरली. तिच्यावर शेवटची शिकली ती दादांची धाकटी मुलगी. फरक इतकाच, की आम्ही पुढे उंच झालो आणि सीटवर बसलो. ही ४ फूट १० इंचांवर थांबली.

माझी ही पुतणी गेली वीस वर्षे कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटीत राहते. तिथे तिला डोंगरातल्या सायकलचा नाद लागला. दुकानात मिळणाऱ्यांपैकी सर्वांत लहान सायकल घ्यायची, सीट खाली, हँडल जवळ आणायचे आणि मान-मनगटे दुखली तर रात्री शेकायची, असे तिने बरीच वर्षे काढले. चार वर्षांपूर्वी एका उतारावर तिला अचानक थांबावे लागले. पाय टेकायला गेली, तर दांडी उंच आणि जमीन खोल. सायकलसकट कलंडली आणि गळ्याजवळचे हाड मोडले. हाड जुळून आल्यावर तिने मला फोन केला, "काका, आता मी माझ्या मापाची फ्रेम बांधून घेणार. स्टील, अ‍ॅल्युमिनियम, टायटॅनियम की कार्बन, ते तुम्ही सांगा."

"अगं, मी बँकेत होतो, लोहाराकडे नव्हतो."

"म्हणून तर विचारते. पैसे कशात घालावेत हे तुम्हाला कळतं. बाबा असते तर त्यांना विचारलं असतं."

शेवटच्या वाक्यापुढे माझे काही चालले नाही. त्या उन्हाळ्यात मी तिकडे गेलो, तो असा अर्धवट सल्लागार होऊन.

योगायोग असा, की ती राहते तो परिसर म्हणजे या सायकलचे माहेर. तिथला टॅमलपाय डोंगर सुमारे अडीच हजार फुटांचा. आपल्या सह्याद्रीपुढे त्याचे कौतुक नको. पण १९७०च्या दशकात तिथली काही पोरे १९३०-४० सालच्या जुन्या, जाड टायरच्या सायकली भंगारातून आणून डोंगरावरून खाली सोडू लागली. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका मातीच्या रस्त्यावर त्यांनी पहिली शर्यत लावली. दोनेक मैलांत १३०० फुटांचा उतार. ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे. खाली पोचेपर्यंत त्यातले ग्रीस जळून धूर निघे आणि दर खेपेला नवे ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या रस्त्याचे नावच 'रीपॅक' पडले.

जुन्या फ्रेम्स या माराने मोडत. तेव्हा त्यांच्यातल्याच जो ब्रीझने १९७७ साली क्रोमोली स्टीलच्या नळ्या आणून खास डोंगरासाठी पहिली फ्रेम बांधली. ती आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९७९ साली टॉम रिची फ्रेम्स बांधू लागला आणि गॅरी फिशर व चार्ली केली त्यांवर सायकली जोडून विकू लागले. कारखान्यांनी हा माल हजारांनी काढला तो त्यानंतर. म्हणजे माउंटन बाइक जन्मली तीच मुळी मापाने बांधलेली. तयार कपडे आले म्हणून शिंपी संपत नाही, तसे हे बांधणारेही उरले आहेत.

पुतणीने ज्याला काम दिले होते त्याची शेड मी पाहिली. दोन मोटारी मावतील एवढी जागा, भिंतीवर कानशी ओळीने टांगलेल्या, कोपऱ्यात गॅसची टाकी. माणूस पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने आधी तिची मापे घेतली: पायाची आतून, हाताची, धडाची, खांद्यांची. मग वजन. मग प्रश्न. कुठे चालवतेस? किती तास? चढ आवडतो की उतार? पूर्वी काय काय मोडले आहे? मला माझी खुर्ची आठवली. कर्जदार समोर बसला की आम्हीही रकमेआधी माणूसच विचारून घेत असू. कोणत्या धातूची फ्रेम, हे तासाभरात त्याच्या तोंडून एकदाही निघाले नाही.

शेवटी मीच विचारले, आणि मग मात्र तो खुलला. त्याने सांगितले त्याचे सार असे. स्टील जड, अ‍ॅल्युमिनियमचे वजन त्याच्या एकतृतीयांश, पण ताठपणाही एकतृतीयांशच. टायटॅनियम वजनात आणि ताठपणात दोन्हींच्या मधले. मग अ‍ॅल्युमिनियमची सायकल लवचीक का होत नाही? कारण नळी जाड व्यासाची घेतात. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर नळीचा ताठपणा जवळजवळ आठपट होतो. तेव्हा 'अमुक धातू कडक, तमुक मऊ' असे जे छातीठोकपणे सांगितले जाते, त्यात धातूचा हिस्सा थोडा आणि नळीच्या आकाराचा मोठा. खडबडीत वाटेवरचे हादरे तर मुख्यतः टायर आणि स्प्रिंगचा चिमटा गिळतात.

खरा फरक धातू थकतात कसे, यात आहे. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, हे आपण लहानपणी केलेले असते. स्टील आणि टायटॅनियम यांना एक मर्यादा असते. तिच्या आतला ताण लाखो वेळा दिला तरी ते कुरकुरत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. लहान ताणाचीही नोंद त्याच्या खात्यावर पडत राहते. म्हणून त्याची फ्रेम बांधताना जास्त जाडी ठेवावी लागते, आणि तशी नीट बांधलेली फ्रेम खूप वर्षे टिकतेही. पण जोडल्यावर तिला भट्टीत ठरावीक तापमान द्यावे लागते, ते एकट्या कारागिराला अवघड. कार्बन हे तर कापडासारखे. धागे ज्या दिशेला घालाल त्या दिशेला बळकट, वजनाला सगळ्यांत हलके. मात्र त्याची फ्रेम सहसा साच्यातून काढतात आणि एका माणसासाठी नवा साचा परवडत नाही. दगडावर आपटल्यावर आतल्या थराला इजा झाली, तर ती वरून दिसेलच असेही नाही.

राहिली स्टील आणि टायटॅनियम. टायटॅनियम गंजत नाही, रंग लागत नाही, जन्मभर साथ देते. पण तापलेले असताना त्याला हवा लागली तर ते ठिसूळ होते, म्हणून नळीच्या आत-बाहेर आर्गॉन वायू ठेवून जोडावे लागते. किंमत त्या प्रमाणात चढते. क्रोमोली म्हणजे सुमारे १ टक्का क्रोमियम आणि चिमूटभर मॉलिब्डेनम घातलेले स्टील. त्याची नळी जोडाच्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ करता येते. ही युक्ती बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने १८९७ साली पेटंट केली, आणि ती आजही चालते. दोन फ्रेम्समधला फरक अर्धा-पाऊण किलोचा.

"किमतीतल्या फरकात भारताच्या दोन खेपा होतील," पुतणी म्हणाली. इकडे वहिनींचे फोनवर वेगळेच गणित चालू होते. हाड मोडून घेतले तेवढे पुरे, आता सायकलच कशाला? चव्वेचाळिसाव्या वर्षी हे काय खूळ? मी मधल्यामध्ये सापडलो. वहिनींची भीती खोटी नव्हती. पण ती पडली होती ती धाडसाने नव्हे. पाय टेकत नव्हता म्हणून.

मी माझे मत दिले: स्टील. कारण साधे. बँकेत आम्हाला शिकवले होते, की गुंतवणूक करताना मिळकतीइतकेच 'उद्या बिघडले तर काय' हेही विचारावे. स्टीलला तडा जायला लागला तर बहुधा आधी चिन्ह दिसते, आणि झाळ काढणारा माणूस जगात कुठेही भेटतो. कारागीर हसला. म्हणाला, तिच्यासाठी तो स्टीलच धरून चालला होता, पण कारण वेगळे. हिचे वजन ४५ किलो. कारखान्याची लहान फ्रेमदेखील बहुधा ८०-९० किलोच्या माणसाचा भार धरून बांधतात. तिला ती लाकडासारखी लागणारच. तो तिच्यासाठी पातळ नळ्या निवडणार होता, दांडी मागे उतरती घेणार होता, चाके २९ ऐवजी साडेसत्तावीस इंची आणि पायडलचे दांडे आखूड. म्हणजे मापात नुसती लांबी-रुंदी येत नाही. वजनही येते, हे मला त्या दिवशी कळले.

फ्रेम यायला सात महिने लागले. तोवर मी परतलो होतो. एके दिवशी तिने फोटो पाठवला. सायकल शेतातल्या हिरव्या रंगाची, मागे टॅमलपायचा उतार, आणि ही दांडीच्या दोन बाजूंना दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकवून उभी. फोटोत आणखी काही नव्हते. खाली एकच ओळ होती, 'काका, टाचा बघा.'

मी तो फोटो वहिनींना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "ह्यांची सायकल तिला कधी झेपलीच नाही. मी दारातून बघत असायचे, पडते की काय म्हणून."

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "हिला कॅरिअर नाही का बसवला?"

मी म्हटले, "नाही. डोंगरात डबलसीट नेत नाहीत."

वहिनी हसल्या, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच हेल्मेटबद्दल काही बोलल्या नाहीत.