‘कॉल’ पुरे, आता चाल!

दिवाळीच्या तीन पत्तीवर वाढलेले आम्ही इथे पोकरला बसलो, तरी बऱ्या पानांवरही नुसते ‘कॉल’ करायचो. पैसा जपण्याची सवय! आणि दर शनिवारी हरायचो. १९७६ आणि १९७७ चा जगज्जेता डॉइल ब्रन्सन मात्र आक्रमक खेळाचा पुरस्कर्ता.

मग आम्ही हिशेब मांडला. (रसायनशास्त्रातली डॉक्टरेट नव्हे, शाळेतले गणित कामी आले.) मध्ये २० डॉलर असताना आपण १० लावले आणि तीनांत एकदाहून जास्त वेळा समोरच्यांनी पाने टाकली, तर हातात काही नसूनही फायदा. ‘कॉल’ने कोण पळतो?

परवा थरथरत्या हाताने १० लावले. वहिनींनी पाने टाकली.

“भाऊजी, खरंच होतं काही?”

आम्ही पाने पालथीच गड्डीत सरकवली.