कवड्यांमधली पोकळी

नवरात्र जवळ आलं की तुळजापूरच्या रस्त्यांवर कमानी उभ्या राहतात आणि आम्हा फ्लेक्सवाल्यांना रात्र पुरत नाही. वर देवी, खाली स्वागतोत्सुकांचे चेहरे, आणि प्रत्येक चेहरा दुसऱ्याच कुठल्यातरी फोटोतून कापून आणलेला. या कापण्यातच माझी तीस वर्षं गेली.

सुरुवातीला कात्री होती. प्रिंट कडेनं कापायची, चिकटवायची, ब्रशनं कड बुजवायची. मग कॉम्प्युटर आला. फोटोशॉप 1990 साली निघालं, पण त्यात लेअर आले 1994 मध्ये. तोवर चिकटवलेला चेहरा खालच्या चित्रातच मुरायचा, नंतर उचलता यायचा नाही.

पारदर्शकतेची मूळ कल्पना त्याहून जुनी. 1977-78 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये अल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या, निळ्या आकड्यांना चौथा आकडा जोडला. हा ठिपका खालचं किती झाकतो, ते सांगणारा. तोच अल्फा. शून्य म्हणजे आरपार, 255 म्हणजे पूर्ण झाकलेला. जीआयएफ फाइलमध्ये ठिपका एक तर असतो, नाहीतर नसतो. म्हणून कडेला पायऱ्या दिसतात. 1996 मध्ये पीएनजी आली आणि अर्धवट झाकणारे ठिपकेही फाइलसोबत जाऊ लागले.

आमचं सगळं कसब त्या अर्धवट ठिपक्यांत आहे. आराधी बाईंचा फोटो घ्या. गळ्यात कवड्यांची माळ, मागे मांडवाचं पांढरं कापड. माळेच्या कडेचा ठिपका निम्मा कवडीचा, निम्मा कापडाचा. अल्फा अगदी बरोबर लावला तरी त्याच्या रंगात कापडाचा पांढरा उरतोच. भगव्यावर ठेवलं की माळेभोवती पांढरी रेघ उमटते. त्यावर कड एक ठिपका आत घ्यायची किंवा आतला रंग कडेपर्यंत ओढायचा. 2010 च्या फोटोशॉपमध्ये ही रंग ओढायची सोय आली, तेव्हा मला खरंच हायसं वाटलं.

खोडलेल्या ठिपक्याचा रंग जातोच असंही नाही. गिंप या सॉफ्टवेअरमध्ये खोडरबर उलटा चालवून पुसलेलं परत आणता येतं, कारण अल्फा शून्य झाला तरी रंग खाली शाबूत असतो. मास्क लावला, म्हणजे भाग न खोडता नुसता झाकला, तर ती काळजीच नाही. नवशिक्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो: खोडू नका, झाका.

सप्टेंबर 2023 मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं आणि जुन्या फाइली उघडाव्या लागल्या. लेअर ठेवलेल्या फाइलींत नाव पाच मिनिटांत बदललं. जेपीजी करून ठेवलेल्या, ज्यात पारदर्शकता टिकतच नाही, त्या मुळापासून पुन्हा लावाव्या लागल्या.

आता मोबाइलवर एका बोटानं बॅकग्राऊंड निघतं. काम झटपट होतं, मान्य. पण दोन कवड्यांमधली पोकळी त्याला पुष्कळदा कळत नाही. तिथे मांडवाचं कापड तसंच राहतं किंवा कवडीच गायब होते. देवीच्या माळेतली कवडी गेलेली मला चालत नाही; तिथे अजून पेन टूलनं हातानंच कापतो.

तेव्हा गिऱ्हाइकांना एकच विनंती. कापलेली पीएनजी व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. तिची जेपीजी होते आणि पारदर्शक भाग भरून जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि सोबत मूळ फोटोही द्या.