दुबईत स्वतःची कंपनी : लायसन्स आठवड्यात मिळते, पण पुढे काय?

"दादा, एजंट म्हणतोय बारा हजार दिरहममध्ये कंपनी होते, शंभर टक्के मालकी आपली. गावाकडची शेती गहाण ठेवून पैसे उचलू का?"

आखातात नोकरीला असलेल्या आपल्या मुलांचे असे फोन गेल्या काही वर्षांत वाढले आहेत. मी काही वर्षे शारजात हिशेबनीस म्हणून काम केले आहे, म्हणून फोन माझ्याकडे येतात. एजंट खोटे बोलत नसतो. कंपनी खरेच होते, मालकीही शंभर टक्के असते. पण कंपनी होणे आणि धंदा सुरू होणे यात जे अंतर आहे ते तो सांगत नाही. लायसन्स तुमच्या हातात पडले की त्याचे काम संपते, तुमचे तेव्हा सुरू होते.

आधी मालकीचे बघू. २०२१ पर्यंत संयुक्त अरब अमिरातीत मुख्य बाजारात, म्हणजे तिथे ज्याला 'मेनलँड' म्हणतात तिथे मर्यादित जबाबदारीची कंपनी काढायची तर ५१ टक्के हिस्सा स्थानिक अमिराती नागरिकाच्या नावावर ठेवावा लागे. प्रत्यक्षात तो नागरिक वर्षाला ठरलेली रक्कम घेई आणि धंदा परदेशी माणूस चालवी. दोघांमध्ये वेगळा खाजगी करार असे, आणि भांडण झाले की तो करार कोर्टात किती टिकेल याची शाश्वती नसे. कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत ही अट गेली. सुरक्षा आणि तत्सम मोजकी क्षेत्रे सोडली तर आज नागपूरचा किंवा नांदेडचा मुलगा दुबईत पूर्ण मालकीची कंपनी काढू शकतो. ही मोठीच गोष्ट आहे.

दुसरा रस्ता 'फ्री झोन'चा. १९८५ साली जेबेल अली बंदराजवळ पहिला सुरू झाला, आता सातही अमिरातींत मिळून चाळीसच्या वर आहेत. तिथे परदेशी माणसाला पूर्ण मालकी आधीपासूनच होती. कागद कमी, काम ऑनलाइन, पाहिजे तर एका टेबलाएवढे ऑफिस. एजंट जाहिरात करतात ती बहुधा याचीच. जाहिरातीतला स्वस्त आकडा बहुतेक वेळा 'झिरो व्हिसा' पॅकेजचा असतो, म्हणजे त्यात तुमचा स्वतःचा निवासी व्हिसासुद्धा धरलेला नसतो. व्हिसा, एस्टॅब्लिशमेंट कार्ड, वैद्यकीय तपासणी, एमिरेट्स आयडी हे सगळे वेगळे. आणि ही रक्कम एकदाच भरायची नसते, लायसन्स दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. पहिल्या वर्षी सवलत आणि दुसऱ्या वर्षी पूर्ण दर, हाही प्रकार चालतो.

चूक नेमकी कुठे होते ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, इंदोऱ्यातला एक मुलगा आठ वर्षे दुबईत एसी दुरुस्तीचे काम करतोय. हात चांगला आहे, बिल्डिंगांचे वॉचमन त्याला नावाने ओळखतात. त्याने स्वस्त म्हणून दुसऱ्या अमिरातीतल्या फ्री झोनचे लायसन्स घेतले. पण त्याचे गिऱ्हाईक कोण? करामा, देरा, बर दुबईतले फ्लॅट आणि दुकाने, म्हणजे मेनलँड. फ्री झोनच्या कंपनीला मेनलँडवर थेट जाऊन काम करता येत नाही. २०२५ मध्ये दुबईने आपल्या हद्दीतल्या फ्री झोन कंपन्यांना मेनलँडवर कामासाठी वेगळा परवाना देण्याची सोय केली, पण या मुलाचे लायसन्स दुबईचे नाहीच. त्यामुळे बिल्डिंगच्या व्यवस्थापनाने लायसन्सची प्रत मागितली की त्याचे काम अडते. पैसे गेले, आणि धंदा होता तिथेच.

याउलट एखादी मुलगी घरून सॉफ्टवेअर किंवा डिझाईनचे काम युरोप-अमेरिकेच्या गिऱ्हाइकांसाठी करत असेल तर तिला फ्री झोनच बरे. म्हणजे आधी गिऱ्हाईक कुठे आहे ते बघायचे, मग लायसन्स कुठले ते ठरवायचे. आपली मुले नेमके उलटे करतात.

मेनलँडची पद्धत अशी : कामाचा प्रकार म्हणजे 'ॲक्टिव्हिटी' ठरलेल्या यादीतून निवडायची, व्यापारी नाव राखून ठेवायचे, प्राथमिक मंजुरी घ्यायची, कंपनीची घटना अरबी मजकुरासह नोंदवायची, ऑफिस भाड्याने घेऊन भाडेकरार 'इजारी' या सरकारी प्रणालीत नोंदवायचा, मग लायसन्स. दुबईत हे काम अर्थ व पर्यटन खाते बघते. काही कामांना आणखी एका खात्याची मंजुरी लागते. दवाखान्याला आरोग्य प्राधिकरणाची, शिकवणी वर्गाला शिक्षण प्राधिकरणाची, बांधकामाशी जोडलेल्या कामाला महानगरपालिकेची. यादीतला शब्द काळजीपूर्वक निवडा. 'जनरल ट्रेडिंग' घेतले म्हणजे सगळे करता येते हा गैरसमज आहे, त्यात दुरुस्तीची सेवा येत नाही.

आता नोकरीबद्दल. तुमचा व्हिसा मालकाच्या नावावर आहे तोवर कंपनीत भागीदार होता येते, पण बऱ्याच ठिकाणी सध्याच्या मालकाचे ना-हरकत पत्र मागतात. २०२२ पासून लागू झालेल्या कामगार कायद्यानुसार मालक तुमच्या करारात स्पर्धा न करण्याची अट घालू शकतो, जास्तीत जास्त दोन वर्षांची. ती ठिकाण आणि कामाच्या स्वरूपापुरती मर्यादित असावी लागते, तरी ती असते. राजीनामा देण्याआधी आपला करार काढून वाचा. नोटीस ३० ते ९० दिवसांची असते, ती पूर्ण करा. ग्रॅच्युइटी सोडू नका : पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार मिळतो. आठ वर्षे राबलेल्या माणसाचे ते पहिले भांडवल आहे, आणि त्यावर व्याज नाही.

बँक आणि चेक

लायसन्स आठवड्यात मिळते, बँक खात्याला कधी कधी महिने लागतात. बँक विचारते : पैसा कुठून आला, गिऱ्हाईक कोण, करार दाखवा, मागच्या सहा महिन्यांचे स्टेटमेंट दाखवा. नवीन, छोट्या, एकट्या माणसाच्या कंपनीला नकार मिळणे नेहमीचे आहे. अनेक बँका २५ ते ५० हजार दिरहम सरासरी शिल्लक मागतात, कमी पडली की दरमहा दंड कापतात. डिजिटल बँकांची अट सौम्य आहे. खाते नसताना पैसे स्वतःच्या वैयक्तिक खात्यात घेणे हा उपाय नाही, बँक खाते गोठवते.

चेकबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आपली माणसे अडकतात ती इथे. दुबईत भाडे पुढच्या तारखेच्या चेकने देतात, माल उधारीवर घेतात तोही चेकवर. २०२२ च्या आधी खात्यात पैसे नसल्याने चेक परत गेला तर तो फौजदारी गुन्हा होता, माणसे तुरुंगात जात. २ जानेवारी २०२२ पासून नुसत्या अपुऱ्या शिल्लकेचा गुन्हा राहिला नाही. पण त्याचा अर्थ चेक निरुपद्रवी झाला असा नाही. परत गेलेला चेक घेऊन समोरचा थेट अंमलबजावणी न्यायालयात जाऊ शकतो, लांबलचक खटल्याची गरज नाही. खाते गोठते, देश सोडण्यावर बंदी येऊ शकते. मुद्दाम खाते बंद करून चेक देणे किंवा चेक वटणार नाही अशी सही करणे हे आजही गुन्हेच आहेत.

यातूनच एक सापळा तयार होतो. कंपनीचा खरा मालक मागे राहतो आणि विश्वासू कामगाराला म्हणतो, "तुला मॅनेजर करतो, पगार पाचशे वाढवतो, सही तेवढी तू कर." लायसन्सवर मॅनेजर म्हणून नाव आणि चेकवर सही याच मुलाची. धंदा बुडाला की मालक मायदेशी निघून जातो आणि विमानतळावर अडतो तो मुलगा. पाचशे दिरहमसाठी सही देऊ नका. सगेसोयरे सांगत असतील तरी देऊ नका.

उधारीची दुसरी बाजूही आहे. दुबईत सिंधी आणि कच्छी व्यापारी तेल सापडण्याच्या आधीपासून आहेत. त्यांच्यातल्या नवीन मुलाला ९० दिवसांची उधारी मिळते ती कागदावर नाही, काकांच्या शब्दावर मिळते. आपल्या मुलाला ते काका नाहीत. बाबासाहेबांनी परदेशातून परतल्यावर मुंबईत शेअर्सच्या व्यवहारांवर सल्ला देणारी फर्म काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले आणि ती बंद पडली. कोलंबियात शिकलेल्या माणसाची ही गत झाली. दुबईत जात विचारत नाहीत असे म्हणतात. बाजार विचारत नाही हे खरे, पण भारतीय पुरवठादार आडनावावरून अंदाज घेतो आणि गावही विचारतो. म्हणून पहिले वर्षभर तरी उधारीवर उभा राहणारा धंदा निवडू नये, असे माझे मत आहे. सेवेचा धंदा निवडावा, जिथे काम झाले की पैसे मिळतात.

कर आहे

"दुबईत टॅक्स नाही" हे वाक्य जुने झाले. १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे. बारा महिन्यांची करपात्र उलाढाल ३,७५,००० दिरहमच्या वर गेली की नोंदणी सक्तीची, उशीर केला तर १० हजार दिरहम दंड. १ जून २०२३ नंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांपासून कंपनी करही आला : ३,७५,००० दिरहमपर्यंतच्या नफ्यावर शून्य, त्यावर ९ टक्के. ३० लाख दिरहमपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या धंद्यांना सवलत आहे, पण ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत संपणाऱ्या करवर्षांपुरती. ठळकपणे लक्षात ठेवायचे ते हे : कर शून्य असला तरी नोंदणी आणि विवरणपत्र सुटत नाही. फ्री झोनच्या कंपनीलाही सुटत नाही. एक रुपयाचा धंदा न केलेल्या मुलांना नोंदणी उशिरा केली म्हणून १० हजारांचा दंड लागलेला आहे.

भारताची बाजू वेगळी. तुम्ही अनिवासी आहात आणि तिथल्या कमाईतून कंपनी काढली, तर परत आल्यावरही ते शेअर्स ठेवण्याची फेमा कायदा परवानगी देतो. पण गावात राहणाऱ्या भावाच्या नावाने भागीदारी केली, तर तो निवासी भारतीय ठरतो. त्याने पैसे रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेतूनच, अधिकृत बँकेमार्फत पाठवले पाहिजेत. मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर, ती आपल्याला पुरून उरते. अडचण कागदांची आहे : ऑगस्ट २०२२ च्या नियमांनुसार फॉर्म, ओळख क्रमांक, दरवर्षी अहवाल. शिवाय आयकर विवरणात परदेशी मालमत्ता दाखवावी लागते, लपवली तर २०१५ च्या काळा पैसा कायद्यात १० लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. हवालाने पैसे पाठवणे सोपे वाटते, पण मग दुबईतल्या बँकेला पैशाचा उगम दाखवता येत नाही.

कंपनी चालली आणि तुम्ही गावाकडून दोन मुले बोलावली, तर तुम्ही आता मालक आहात. भरतीचा आणि व्हिसाचा खर्च कायद्याने तुमचा, त्या मुलांच्या पगारातून कापता येत नाही. पासपोर्ट ठेवून घेणे बेकायदेशीर आहे. पगार सरकारच्या वेतन संरक्षण प्रणालीतून, वेळेवर. ज्यांचा पासपोर्ट कधीकाळी मालकाच्या कपाटात होता अशीच माणसे पुढे हे करताना मी पाहिली आहेत, म्हणून लिहितो.

आणि बंद करायची वेळ आली तर नीट बंद करा. लायसन्स संपू दिले, फोन बंद केला आणि विमानात बसले, अशी कंपनी बंद होत नाही. दंड वाढत राहतो आणि पुन्हा आखातात जाताना तो समोर येतो. आधी कामगारांचे आणि स्वतःचे व्हिसा रद्द, मग बँक, भाडे, लायसन्स. व्हॅटची नोंदणी रद्द करण्याचा अर्ज २० कामकाजाच्या दिवसांत, कंपनी कराची तीन महिन्यांत. यासाठी लागणारे पैसे सुरुवातीलाच वेगळे काढून ठेवलेले बरे.

फोन करणाऱ्या मुलाला मी दोन कामे सांगितली. एक, एजंटकडून तीन वर्षांचा पूर्ण खर्च व्हिसा आणि नूतनीकरणासह लेखी घे. दोन, लायसन्सच्या आधी पाच बिल्डिंगांकडून वार्षिक देखभालीचे काम देतो असे पत्र आण. पहिल्या कामात बारा हजारांचे एकोणपन्नास हजार झाले. दुसऱ्यात तीन पत्रे जमली आहेत. शेती अजून गहाण टाकलेली नाही.